आईचा जुना स्कॅन

(न्यूझीलंडमधलं टौरंगा, फेब्रुवारी २०१७. वायटांगी डे या राष्ट्रीय दिनाची सुट्टी, दुपार. बंद असलेल्या एका खासगी स्कॅन क्लिनिकमधली सर्व्हरची खोली. श्रुती तिथली रेडिओलॉजिस्ट. अबोली तिच्या धाकट्या भावाची, गुरूची बायको, तिथलीच सिस्टिम ॲडमिन.)

श्रुती : हिरव्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाच. मोठ्याने वाच.

अबोली : बॅकअप सक्सेसफुल.

श्रुती : मग माझ्या आईचा स्कॅन कुठाय?

अबोली : सक्सेसफुल म्हणजे टेपवर लिहून झालं, एवढंच ताई. परत वाचताना अडतंय. तिन्ही वेळा तिथेच अडलं.

श्रुती : एवढंच! म्हणजे मांडव पडला, पंगती उठल्या, एवढंच की नवरा मुलगा आलाच नाही.

अबोली : ओरडू नका. ओरडून टेप वाचली जात असती तर मघाशीच वाचून झाली असती.

श्रुती : मी ओरडत नाहीये. मी ओरडले की कळेल तुला. उद्या सकाळी आईची छातीची डॉक्टर हेलन माझ्या दारात उभी राहणार. आईच्या उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढा ठिपका आहे. तीन वर्षांपूर्वीच्या स्कॅनमध्ये तो तेवढाच असेल तर काही करायचं नाही, बसू दे तिथे बापडा. जुना स्कॅनच नसेल तर सुई घालून तुकडा काढायचा. तिच्या त्या चाळणी झालेल्या फुप्फुसात सुई! एका क्षणात मिटतं ते फुप्फुस. कळतंय का तुला?

अबोली : कळतंय. कालपासून कळतंय. तुम्हाला आणि गुरूला गुरुवारपासून कळत होतं. आई माझ्या घरात राहतात, त्यांच्या गोळ्या मी काढून देते, रात्री खोकला आला तर मी उठते. आणि मला काल सांगितलंत. तेही जुना स्कॅन हवाय म्हणून.

श्रुती : तुला सांगितलं असतं तर तू तिच्यासमोर तोंड पाडून बसली असतीस. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं.

अबोली : बरं आहे ना मग. निदान काहीतरी दिसतं.

श्रुती : टोमणे नंतर मार. त्या वेळचा रिपोर्ट आहे माझ्याकडे, पण त्यात फक्त डावीकडच्या न्यूमोनियाबद्दल लिहिलंय. बारीक ठिपका असला तरी कुणी लिहीत नाही अशा वेळी. हेलनला फोटो हवेत. डिस्कवर का नाहीत ते?

अबोली : ख्रिसमसच्या आधी डिस्क भरली. दोन वर्षांपेक्षा जुनं ते डिस्कवरून काढा, टेपवर आहेच, असं मीटिंगमध्ये ठरलं. तुम्ही होतात त्या मीटिंगला. फोनमध्ये डोकं घालून होतात, पण होतात.

श्रुती : टेपवर आहेच, हे कोण म्हणालं होतं?

अबोली : मी.

श्रुती : दुसरी प्रत असते ना टेपची? दुसऱ्या इमारतीत ठेवता ती?

अबोली : ती या टेपवरूनच केलेली. हिच्यात नाही ते तिच्यात कुठून येणार?

श्रुती : आणि आधीच्या टेपा? वर्षभरापूर्वीच्या?

अबोली : त्या फिरून फिरून परत वापरतो. पुसल्या गेल्या.

श्रुती : वा! आता मला सोप्या भाषेत सांग, तू नेमकं केलंस काय? मागच्या हिवाळ्यात काहीतरी केलंस ना, ज्यावरून एवढ्या टाळ्या पडल्या?

अबोली : टाळ्या तुम्हीच वाजवल्यात सगळ्यात जास्त.

श्रुती : सांग.

अबोली : आधी फोटो नेटवर्कवरून टेपकडे रमतगमत यायचे. टेपचं यंत्र उपाशी राहायचं. थांबायचं, मागे जायचं, परत सुरू व्हायचं, की परत थांबायचं. रात्रभर तेच. सकाळी तुमचा पहिला पेशंट आत यायचा तेव्हाही बॅकअप चालूच. म्हणून तुमचे फोटो उघडायला वेळ लागायचा.

श्रुती : वेळ? चहा निवून जायचा. पेशंट विचारायचे, डॉक्टर, काही वाईट आहे का, बोलत का नाही तुम्ही?

अबोली : म्हणून मी बफर वाढवले. टेपवर चढायच्या आधी डेटा मेमरीत जिथे थांबतो ना, ती जागा. ती मोठी केली, आणि एका वेळी टेपला द्यायचा घास चौपट केला. यंत्र थांबायचंच बंद झालं. पहाट व्हायच्या आत सगळं आटपायला लागलं.

श्रुती : मग बिघडलं कुठे?

अबोली : सर्व्हर आणि टेप यांना जोडणारं एक कार्ड आहे मधे. जुनं. त्याला चौपट घास झेपत नाही. झेपत नाही म्हणून बोंब तरी मारायची! तेही नाही. प्रत्येक घासातला पहिला चौथा हिस्सा त्याने टेपवर घातला, बाकीचा टाकून दिला, आणि वर कळवलं की सगळं पोचलं.

श्रुती : टाकून दिला.

अबोली : नरसाळं लहान, पातेलं मोठं. किती पातेली रिकामी झाली तेवढंच मोजलं. ओट्यावर किती सांडलं ते कुणी बघितलं नाही.

श्रुती : बघितलं नाही कुणी? बघायचं काम कुणाचं होतं? आणि हा चौपट आकडा आणलास कुठून? कंपनीच्या पुस्तकात होता?

अबोली : नाही.

श्रुती : मग?

अबोली : कांचनकडून घेतला.

श्रुती : कोण ही कांचन?

अबोली : ऑकलंडला डिप्लोमाला होतो तेव्हाची. माउंट रॉस्किलला एका खोलीत राहायचो चौघीजणी. ती आता एका बँकेत बॅकअपच बघते. तिच्याकडे हाच आकडा आहे, मस्त चालतं तिचं.

श्रुती : तिच्याकडचं कार्ड नवं असेल.

अबोली : असेल. आहेच.

श्रुती : म्हणजे शेजारणीकडून विरजण आणावं तशी सेटिंग मागून आणलीस! वाटीभर दे गं, आमच्याकडे पण लागतंय का बघते. अगं, दूध कुठलं, भांडं कुठलं, काही विचार? माणसांच्या छातीचे फोटो आहेत ते!

अबोली : मला माहितीय काय आहेत ते! आणि मागून का आणली, तेही ऐका आता. मला कंपनीचा माणूस बोलवायचा होता. हिवाळ्यातल्या मीटिंगमध्ये मॅनेजर डॅरन म्हणाला, आधी घरच्या घरी बघ. आणि त्याच मीटिंगमध्ये तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, माय सिस्टर-इन-लॉ इज लर्निंग ऑन द जॉब. सगळे हसले. डॅरन हसला, रिसेप्शनवरची ती पोरगी हसली. मी पण हसले, काय करणार? पुढच्या सोमवारपर्यंत फोटो धडाधड उघडले पाहिजेत, असं म्हणून उठलात तुम्ही.

श्रुती : मी विनोद केला होता.

अबोली : तुमचे विनोद मला घरी नेऊन धुवावे लागतात, ताई. आणि बॅकअप वेगात व्हायला लागल्यावर पावलोव्हा केक घेऊन आलात. आमच्या घरची पोरगी म्हणे! हळदीकुंकवाला दहा बायकांना सांगितलंत. आपलं काम झालं की आमच्या घरची, फसलं की गुरूची बायको.

श्रुती : नोकरी कुणी लावली तुला इथे?

अबोली : आलं! वाटच बघत होते मी. पाच वर्षं झाली, दर महिन्याला एकदा येतंच ते.

श्रुती : मग खरं आहे ते. माझ्या शब्दावर घेतलं तुला डॅरनने. आणि त्याच मशीनमध्ये तू माझ्या आईचा स्कॅन कापून ठेवलास. बॅकअप परत येतो की नाही हे बघायचं असतं, एवढं मला, एका डॉक्टरला कळतं. तुला नाही?

अबोली : नियमच आहे तो! सेटिंग बदलली की एक जुना स्कॅन टेपवरून परत आणायचा, आणि आयटीच्या बाहेरच्या एका माणसाने तो स्वतःच्या डोळ्यांनी बघून सही करायची. त्यासाठी मला एक शनिवार मशीन बंद हवं होतं. तुमच्याकडे मागितला होता मी शनिवार.

श्रुती : मला आठवत नाही.

अबोली : मला आठवतं. एकादशी होती. माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून तुम्ही खिचडी खात होतात. मी म्हटलं, ताई, एक शनिवार द्या. तुम्ही म्हणालात, शनिवारचे पेशंट काय आकाशातून परत बोलवू? चालतंय ना सगळं छान? दे इकडे, मी करते सही. आणि फ्रिजवर कागद ठेवून सही केलीत. स्कॅन परत आलेला मी पाहिला, असं छापलेलं होतं त्यावर. वाचलंतसुद्धा नाही.

श्रुती : मी तुझ्यावर विश्वास ठेवला.

अबोली : विश्वास कसला? कंटाळा केलात. घरचंच आहे म्हणून. मी डॅरनच्या हातात तो कागद दिला असता तर त्याने चार प्रश्न विचारले असते.

श्रुती : मग द्यायचा होतास! माझ्यापुढे का धरलास? कारण तुलाही तेच हवं होतं. घरातल्या घरात, कुणी प्रश्न विचारणार नाही. मी नाही म्हटल्यावर तुझंही जिवावर आलेलं काम टळलं. खोटं बोलतेय मी?

अबोली : नाही.

श्रुती : मग नाकाने कांदे सोलू नकोस. सुट्टीचं क्लिनिकमध्ये या रबरी चपला, जँडल्स घालून यायचं, कामही तसंच जँडल्स घालून करायचं.

अबोली : बीचवरून उठून आलेय मी! मुलांना पोहायचे टॉग्स घालून वाळूत उतरवलं आणि तुमचा फोन आला. तुमचा फोन वाजतोय.

श्रुती : आई आहे. तू बोल.

अबोली : तुमचा फोन, तुमची आई.

श्रुती : हॅलो, आई? स्पीकरवर आहेस. अबोली आहे इथे.

आशालता : दोघी एका खोलीत आहात? आणि छप्पर जागेवर आहे ना?

श्रुती : आई, कामात आहोत.

आशालता : कामातच असता तुम्ही. अगं, मी कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत चालत जाऊन आले. एकटी. त्या दुकानदाराला माओरीत नमस्कार, किया ओरा म्हटलं तर तो मला केम छो म्हणतो. हसून हसून दम लागला मला.

अबोली : आई, उन्हात कशाला गेलात? टोपी घातली होती का?

आशालता : घातली होती हो. तुझीच, ती फुलांची. अबोली, सापडला का गं तो जुना फोटो?

अबोली : शोधतोय, आई.

आशालता : शोधा बाई. हेलनबाईंनी मला शब्द दिलाय. जुन्या फोटोत तो ठिपका निघाला तर सुई नाही. सुईचं भय नाही वाटत मला, बाळंतपणं काढलीत मी. पण तुमच्या बाबांना आत नेलं ते असंच, साधीच तपासणी म्हणून. परत आले ते पांढऱ्या चादरीत. मला तसं नाही जायचं. मला आपलं घरी, पंख्याखाली, दोन शिव्या देऊन जायचंय.

श्रुती : आई, काहीतरी बोलू नकोस. कुणी कुठे जात नाहीये.

आशालता : तू डॉक्टरसारखी बोलायला लागलीस की मी फोन ठेवते. भांडू नका. आणि भांडायचंच असेल तर खाऊन भांडा, डबा दिलाय अबोलीच्या पिशवीत.

अबोली : ठेवते आई.

श्रुती : ऐकलंस?

अबोली : ऐकलं.

श्रुती : आता माझं ऐक. उद्या हेलनला आणि डॅरनला सांगायचं की टेप खराब निघाली. टेपा खराब होतात. होतात ना?

अबोली : होतात.

श्रुती : मग झालं. कुणाची नोकरी जायला नको, कुणाची सही निघायला नको.

अबोली : आणि दुसऱ्या टेपा? दोन वर्षांपेक्षा जुना प्रत्येक माणूस या अशाच टेपांवर आहे. परवा कुणाचा तरी मुलगा येईल आपल्या आईचा जुना स्कॅन मागायला. त्यालाही टेप खराब?

श्रुती : ते नंतर बघू.

अबोली : नंतर नाही. उद्या सकाळी मी डॅरनला सगळं सांगणार. कार्ड, आकडा, सगळं.

श्रुती : माझी सही पण?

अबोली : सही तुमची आहे, ताई. मी लपवली तरी कागदावर राहणारच.

श्रुती : माझं रजिस्ट्रेशन आहे, अबोली! न बघता बघितलं म्हणून सही केली, हे मेडिकल कौन्सिलपर्यंत गेलं तर? तुला काय, तुला कुठेही कीबोर्ड मिळेल. वीस वर्षं घातलीत मी या एका नावात.

अबोली : मला पण मिळणार नाही कीबोर्ड. बॅकअप हरवणाऱ्या बाईला कोण ठेवतं कामाला? आत्ताच्या आत्ता हात झटकायचेत का तुम्हाला? झटका. माझं एकटीचं नाव सांगते. पण टेप खराब नाही म्हणणार. टेपने बिचारीने दिलं ते नीट सांभाळलंय.

श्रुती : मोठी आली हरिश्चंद्राचा अवतार! दिलं ते सांभाळलंय म्हणे. काय दिलंस तिला? चौथा हिस्सा! काय करायचाय चौथा हिस्सा? आईच्या फुप्फुसाचा कुठला चौथा हिस्सा?

अबोली : प्रत्येक घासातला वरचा.

श्रुती : म्हणजे? प्रत्येक फोटोचा वरचा चौथा भाग शाबूत आहे?

अबोली : नाही, फोटो एका घासात बसत नाही. साधारण दोन घास लागतात एका फोटोला. म्हणजे एका फोटोच्या दोन आडव्या पट्ट्या मिळतील, मधलं सगळं काळं.

श्रुती : थांब. पट्ट्या सगळ्या फोटोंत एकाच जागी?

अबोली : नाही. फोटो काही घासाच्या मापाने कापलेले नसतात. एक संपला की दुसरा लगेच चिकटून सुरू. म्हणून प्रत्येक फोटोत पट्टी थोडी थोडी सरकणार.

श्रुती : हे मघाशी का नाही बोललीस?

अबोली : तुम्ही बोलू दिलंत?

श्रुती : अबोली, स्कॅन म्हणजे ब्रेडचे काप असतात, एकामागे एक. तो ठिपका एका कापात नाही, सात-आठ कापांत दिसतो. पट्टी सरकत असेल तर त्यातल्या एखाद्या कापात ती बरोबर ठिपक्यावरून जाऊ शकते. एका कापात मिळालं तरी पुरे मला. काढता येतील पट्ट्या?

अबोली : बॅकअपचं सॉफ्टवेअर फाइल अर्धवट आहे म्हणून नकार देतं. पण टेप तशीच कच्ची वाचता येईल. मग फोटो कुठे सुरू झाला ते हाताने शोधायचं, आणि हरवलं तिथे काळं भरायचं.

श्रुती : कर.

अबोली : करतेय. मागे उभ्या राहू नका. तुम्ही मागे उभ्या राहिलात की माझी बोटं चुकतात.

श्रुती : कुठे उभी राहू मग? डोक्यावर?

अबोली : तिकडे बसा. डबा उघडा. आणि नियमाने तुम्ही बघायचंही नाही. घरच्या माणसाने घरच्या माणसाचा स्कॅन वाचायचा नाही ना?

श्रुती : हेलनच वाचेल नंतर. पण यातल्या शेकडो फोटोंतला कुठला उचलायचा, ते तुला कोण सांगणार? कांचन?

अबोली : सांगा मग. हा बघा, आला एक.

श्रुती : हे काय आहे? शटरच्या फटीतून बघितल्यासारखं.

अबोली : म्हटलं होतं मी.

श्रुती : बरगडी आहे ही. उजवी-डावी तरी कळतेय. फार खाली आहोत आपण, इथे यकृत दिसतंय. वर चल. वर म्हणजे मानेकडे.

अबोली : हा?

श्रुती : अजून वर. थांब, ही श्वासनलिका दोन वाटांना फुटतेय. याच्याही वर. हळू! भाजी निवडतेयस का?

अबोली : मीच लावतेय एकेक पट्टी, आपोआप नाही येत ते. हा घ्या.

श्रुती : हां. या पातळीपासून सुरू. नव्या स्कॅनमध्ये इथे एक रक्तवाहिनी दुभंगते, आणि त्या बेचक्यात ठिपका आहे. माझ्या फोनवर बघ, हा. असं बेचकं हवंय मला.

अबोली : यात पट्टी वरून जातेय.

श्रुती : पुढचा.

अबोली : यातही वर. पण सरकतेय खाली. बघा, मघापेक्षा खाली आलीये.

श्रुती : पुढचा. आईने तिखटाचा सांजा दिलाय. खाऊन घे.

अबोली : तुम्ही खा. मला भूक नाही.

श्रुती : मलाही नाही. पुढचा.

अबोली : ताई, हे बेचकं का? हे?

श्रुती : हात काढ स्क्रीनवरून.

अबोली : काढला.

श्रुती : मोठं कर. अजून. कॉन्ट्रास्ट फुप्फुसाचा लाव. नाही, ते हाडांचं झालं, फुप्फुसाचं. हां.

अबोली : हेच ना ते? रक्तवाहिनी दुभंगलीये बघा, तुमच्या फोनवर आहे तश्शी!

श्रुती : हेच.

अबोली : मिळालं! देवा रे. मिळालं, ताई! पट्टी बरोबर मधोमध आलीये!

श्रुती : पुढचा काप.

अबोली : पण मिळालं ना?

श्रुती : पुढचा काप, अबोली.

अबोली : हा घ्या. यातही आहे बेचकं, थोडं कडेला.

श्रुती : त्याच्या पुढचा.

अबोली : यात निम्मंच दिसतंय. ताई, काही बोला. काय आहे त्यात?

श्रुती : काहीच नाही.

अबोली : म्हणजे पट्टी चुकली?

श्रुती : पट्टी अगदी बरोबर आहे. तीन कापांत बेचकं दिसतंय, आणि तिन्हींत स्वच्छ आहे. ठिपका नाही.

अबोली : स्वच्छ. म्हणजे बरंच झालं ना?

श्रुती : बरं नाही झालं गं. तेव्हा नव्हता. तीन वर्षांत आलाय.

अबोली : पण बाकीचा भाग हरवलाय ना फोटोतला? तिथे असेल. त्या काळ्यात असेल कुठेतरी.

श्रुती : ठिपके जागा बदलत नाहीत.

अबोली : ती टाकलेली माहिती असती तर? सगळा स्कॅन असता तर?

श्रुती : तरी हेच दिसलं असतं. तुझ्या कार्डाने सगळं टाकलं असतं तरी, आणि काहीच टाकलं नसतं तरी. सुई टळत नव्हती.

अबोली : मग मी कशाला काढल्या या पट्ट्या? नसत्या निघाल्या तर निदान आज रात्रीपुरतं तरी...

श्रुती : ठिपका नवा आहे हे कळल्यावर आता हेलनला ताबडतोब सुई लावता येईल. तारखेच्या रांगेत नाही बसावं लागणार. तेवढ्यासाठी काढल्यास.

अबोली : तुम्ही माझी समजूत घालताय का?

श्रुती : नाही. मी अजून चिडलेलीच आहे तुझ्यावर. ती खिचडी, तो शनिवार, सगळ्यावर. उद्या डॅरनला सांगताना मी येईन तुझ्याबरोबर. माझी सही मी सांगेन, तू नाही. मधेमधे बोलू नकोस.

अबोली : नाही बोलणार.

श्रुती : हे तीन काप वेगळे काढून ठेव. हेलनसाठी. आणि या वेळी परत उघडतात का ते बघ.

अबोली : बघते. उघडले. तिन्ही.

श्रुती : परत बघ.

अबोली : बघितले, ताई. उघडतात. आईंना काय सांगायचं? त्या वाट बघत बसल्या असतील फोनशी. हेलनबाईंनी शब्द दिलाय म्हणत होत्या.

श्रुती : जे आहे ते सांगायचं. जुन्या फोटोत ठिपका नाही, म्हणून तपासावं लागेल.

अबोली : घरी गेल्यावर तुम्हीच सांगा. तुम्ही डॉक्टर आहात, त्यांची मुलगी आहात. मी आतल्या खोलीत मुलांना घेऊन बसते.

श्रुती : तू सांग.

अबोली : मी? मला तर तुम्ही काल सांगितलंत. तोंडावर सगळं दिसतं म्हणून.

श्रुती : म्हणूनच. मी सांगितलं तर ती मान हलवेल, बरं म्हणेल, आणि मला चहा विचारेल. माझ्यासमोर ती रडत नाही, अबोली.